चारचौघांत घ्यायची गोळी

१

चंद्राबाईंनी डबी उघडली आणि आत बोट फिरवून पाहिलं. डोळ्यांवर विश्वास बसत नाही तेव्हा माणूस बोटाला विचारतो. बोटानंही तेच सांगितलं. डबी रिकामी होती.

इस्लामपुरातल्या त्या शाळेच्या मैदानावर कोवळं ऊन आलं होतं. एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालची गांधी जयंती. सातारा ते सांगली सायकल शर्यतीचा हा दुसरा, शेवटचा दिवस. नारळ फुटला होता. शर्यतीच्या रिवाजाप्रमाणे सगळ्या गड्यांनी आपापले खिसे उलटे करून दाखवले होते. आता सगळी गर्दी कृष्णातच्या गोळीसाठी खोळंबली होती. ही गोळी बघायला लोक शर्यतीइतक्याच हौसेनं जमत.

कृष्णात कुंडलचा, ऊसवाल्या घरातला. अंगानं सडसडीत आणि लहानपणापासून दमेकरी. दोन वर्षांपूर्वी याच शर्यतीत एक पोरगा ताकदीच्या गोळ्या खाऊन सायकलवरून कोसळला होता आणि मरता मरता वाचला होता. तेव्हा शर्यत भरवणाऱ्या मंडळानं झाडून सगळ्या गोळ्यांवर बंदी घातली. कृष्णातची दम्याची एफेड्रिनही त्यात आली. तिनं त्याची छाती मोकळी व्हायची. हात मात्र दिवसभर कापायचे आणि झोप उडायची. साताऱ्याच्या डॉक्टरांनी त्याच्यापुरती सवलत मागितली. मंडळानं ती दिली, पण अट घातली की गोळ्या सिस्टरच्या ताब्यात राहतील आणि शर्यतीआधी चारचौघांत घेतल्या जातील. डॉक्टरांनीही आपली अट घातली. ज्या दिवशी गोळी घेतली नाही, त्या दिवशी याला सायकलवर बसू द्यायचं नाही.

सिस्टर म्हणजे चंद्राबाई. मूळच्या मेढ्याच्या. सरकारी दवाखान्यात जन्म काढून आता सेवानिवृत्त झालेल्या.

"काय झालं, सिस्टर?" मंडळाचे अध्यक्ष भाऊसो वकील पाण्याचा पेला घेऊन पुढं आले.

"गोळ्या नाहीत."

गर्दी डबीकडं वाकली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "मग कृष्णातबी न्हाई."

काल साताऱ्याहून इस्लामपूरपर्यंत कृष्णात सगळ्यांच्या पुढं आला होता. आज सांगलीत जो पहिला ठरेल, तो राज्याच्या संघात जाणार होता. फौजेनं छाती बघून परत पाठवलेल्या या पोराला याहून मोठं दार उघडणार नव्हतं. तो सायकलला टेकून खाली बघत उभा होता.

"तासभर थांबतो," भाऊसो घड्याळ बघत म्हणाले. "मग ऊन चढतं. गोळ्या सापडल्या तर ठीक. नाही सापडल्या तर त्याच्याशिवाय शर्यत सुरू करावी लागेल. आणि सिस्टर, वाईट वाटून घेऊ नका, पण डबी तुमच्याकडे होती."

चंद्राबाईंना वाईट वाटलंच. पण त्याहून मोठी गोष्ट त्यांच्या हातात होती. डबीला बांधलेली कापडी पट्टी.

२

ती पट्टी त्यांनी वर्गात नेऊन खिडकीपाशी निरखली. पट्टी त्यांचीच, बँडेजची. साताऱ्यात त्यांनी ती डबीला बांधली होती तेव्हा दवाखान्यात शिकलेली सपाट गाठ मारली होती. काल सकाळी गोळी दिल्यावर पुन्हा तशीच. आज मात्र पट्टीला गाठच नव्हती. दोन्ही टोकांना पीळ दिला होता आणि तो पीळ पट्टीखाली खोचला होता. घट्ट बसला होता. मैदानात घाईत पट्टी न सोडता नुसती सरकवून काढली, तेव्हा त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

म्हणजे कुणीतरी डबी सोडली, गोळ्या काढल्या आणि पुन्हा बांधून ठेवली. चोरी आधी कळू नये, ऐन वेळेलाच कळावी, एवढी काळजी घेतली. नुसत्या द्वेषानं चोरणारा डबीच घेऊन जातो, असं त्यांना वाटलं. पण आपल्याला वाटतं ते बरोबरच असतं असं नाही, हेही त्यांना नर्सच्या नोकरीनं शिकवलं होतं.

भाऊसो दारात आले. "मी कालच म्हणत होतो, या गोळीचं एकदा काय ते ठरवा. दरवर्षी डोक्याला ताप."

"काल चहाच्या वेळी काय काय झालं, ते मला परत सांगा," चंद्राबाई म्हणाल्या. "मी होते, पण मेलं अर्धं लक्ष कृष्णातच्या खोकल्याकडं होतं."

"झालं काय? काल दुसरा आलेल्या दिलशादनं सगळ्यांदेखत विचारलं, गोळी तोंडात जाते ते दिसतं, पण पोटात एक जाते का दोन जातात, आमाला काय कळणार? मला त्यात तथ्य वाटलं. म्हटलं, उद्यापासून गोळी कुटून पाण्यात विरघळवू. पेला प्यायचा आणि उपडा करून दाखवायचा. म्हणून तर मघाशी पेला घेऊन उभा होतो."

"आणि कृष्णात काय म्हणाला?"

"तो काय म्हणणार? बशीतला चहा भुरकत होता. एका हातात भरलेली बशी, दुसऱ्या हातानं दिलशादच्या पाठीवर थाप. 'पेला मोठा आणाय सांग गड्या, तुजंबी समाधान हूं दे,' म्हणाला. सगळे हसले."

"एक थेंब सांडला नाही?"

"सिस्टर, गोळ्या हरवल्यात. चहा नाही."

भाऊसो रात्री मेव्हण्याकडे गावात राहिले होते आणि सकाळी नारळ घेऊनच उगवले होते. त्यांना बाजूला ठेवणं सोपं होतं. बाकी सगळ्यांचा मुक्काम शाळेतच होता आणि डबीची पिशवी सिस्टरच्या वर्गातल्या खुंटीला होती. चंद्राबाई पहाटे आंघोळीला गेल्या तेवढाच वेळ खोली उघडी होती. त्या वेळी शाळेत जागं कोण होतं?

याचं उत्तर भाऊसोंनीच दिलं, आणि ते चंद्राबाईंना आवडलं नाही.

"दिलशाद आणि त्याचा बाप जागे असतात की पहाटे. रमजान चालू आहे. तुमच्या खोलीसमोरच्याच ओसरीवर त्यांचा डबा उघडा होता म्हणे."

३

चांदसाहेबांचं सांगलीत सायकलचं दुकान होतं. दिलशाद त्यांचा थोरला. बाप चिंचेखाली बसून मुलाच्या सायकलची साखळी पुसत होता. दिलशाद जुन्या ट्यूबची रबरी पट्टी कापून तिचा आकडा करत होता. त्या आकड्यानं त्यानं जादा टायर सीटखाली अडकवला. गाठ नाही, पीळ नाही. ओढला आणि अडकवला. चंद्राबाईंनी ते बघून घेतलं.

"या सिस्टर," दिलशाद म्हणाला. "माझेच खिसे आधी झाडाल असं वाटलं हुतं. उशीर केला तुमी."

"तू चोर आहेस का?"

"लोक म्हणत्यात. कृष्णात गेला की पयला नंबर माझाच."

"मी तुला विचारलं."

दिलशादचा चेहरा उतरला. "न्हाई, सिस्टर. मला त्याला हरवायचंय. तो नसला तर हरवू कुणाला? मागं जी पोरं हायत ती सांगलीत दुपारच्या जेवणाला पोचतील."

"पहाटे ओसरीवर तू होतास."

"रोजा माझा हाय," चांदसाहेब म्हणाले. "याचा न्हाई. शर्यतीचं दोन दिवस सोडलंय. प्रवासात असलेल्याला, आजाऱ्याला सूट असती. ईद झाली की भरून काढंल."

"मग तू कशाला उठलास रे?"

"आईनं खिमा दिलाय डब्यात," दिलशाद खाली बघत म्हणाला. "रोजा सोडवतो, सिस्टर. पहाटेची सहेरी सोडवत न्हाई."

चंद्राबाईंना हसू आलं, पण वेळ निघून चालला होता. "त्या वेळी माझ्या खोलीत कुणी गेलं?"

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. दिलशादनं हातातला पान्हा खाली ठेवला.

"गेलं. पाठमोरं बघितलं. मी आदी बोललो असतो तर समदी म्हणाली असती, चोरच दुसऱ्याकडं बोट दावतोय. त्याच्या अंगात मिल्ट्रीचा कोट हुता. लांब, खाकी."

शाळेत असा कोट एकाचाच होता. कृष्णातचे काका, सुभेदार दादासो यांचा.

४

दादासो वीस वर्षं फौजेत होते. घरात तीन पिढ्या फौजेतल्या. पुतण्याला भरतीच्या वेळी परत पाठवलं तेव्हा त्यांनीच त्याला सायकल घेऊन दिली आणि त्याच्यामागं शिट्टी घेऊन उभे राहिले. आता ते वर्गात आपला बिस्तरा बांधत होते. कोट बाकावर घडी करून ठेवला होता. बिस्तऱ्याला दोरीचे दोन वेढे, आडवा फास, वर पक्की गाठ. ती दोरी कात्रीशिवाय सुटली नसती.

"सुभेदार, पहाटे माझ्या खोलीत तुमचा कोट गेला होता."

दादासोंचा हात दोरीवरच थांबला. मग ताठ उभे राहिले.

"कोट एकटा कसा जाईल? मी गेलो हुतो. गोळ्या मी घेतल्या. फेकून दिल्या. लिवून घ्या, अध्यक्षांना सांगा."

"का घेतल्या?"

"मर्दाच्या पोरानं गोळीवर पळू ने म्हणून. लाज वाटती. फौजेत असलं चालत न्हाई."

"आणि डबी परत बांधलीत?"

"बांधली."

"कशी?"

"कशी म्हंजे? गाठ मारली. दोन गाठी."

चंद्राबाई बाकावर बसल्या. त्यांनी ती पिळाची पट्टी मांडीवर ठेवली, पण दाखवली नाही.

"सुभेदार, तुम्ही पहिल्यांदाच खोटं बोलताय का हो? सवय दिसत नाही."

दादासोंची मान खाली गेली.

"रात्री कोट कुणाच्या अंगावर होता?"

"त्याला थंडी बाधती," दादासो हळूच म्हणाले. "मीच पांघरला त्याच्यावर. पहाटं बघतो तर हातरूण मोकळं. वाटलं, परसाकडं गेला असंल. मगाशी डबी उघडली तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. सिस्टर, माझं नाव घ्या. मी म्हातारा माणूस, मला काय हुतंय? पोराला चोर म्हणून घरी नेऊ नका."

५

कृष्णात विहिरीच्या कट्ट्याजवळ एकटाच होता. जादा टायर सायकलीला बांधत होता. जुन्या धोतराची चिंधी त्यानं टायरभोवती घेतली, दोन्ही टोकं एकत्र करून पीळ दिला, आणि पीळ खाली खोचला. हात सवयीनं चालत होते. उसाच्या बेण्याची मोळी वाळक्या पानांच्या पाचटानं अशीच बांधतात. पाचटाला गाठ मारायला गेलं तर ते तुटतं. लहानपणापासून शेतात मोळ्या बांधलेला माणूस कापडालाही गाठ मारायचं विसरतो.

चंद्राबाईंनी डबीची पट्टी टायरच्या शेजारी ठेवली.

कृष्णातनं दोन्हींकडे पाहिलं आणि कट्ट्यावर बसला.

"कवा कळलं?"

"पट्टीवरून आत्ता. पण चहाच्या बशीवरूनच कळायला हवं होतं. गोळी घेतलीस की तुझा हात कापतो. भरलेली बशी तुला एका हातात धरवत नाही. काल थेंब सांडला नाही, आणि रात्री ढाराढूर झोपलास. म्हणजे कालची गोळी पोटात गेलीच नव्हती."

"गालात धरली हुती. कडू जहर. पयल्या वळणाला थुकलो."

"आज पेल्यातून घ्यायची म्हटल्यावर गालात धरता आली नसती. म्हणून नाहीशीच केलीस. गोळ्या नसल्या की नुकसान तुझं, म्हणून तुझ्यावर कुणाचा संशय जाणार नाही. ऐन वेळेला नारळ फुटलेला, गर्दी जमलेली. तुला वाटलं, अध्यक्ष म्हणतील, असू दे, जाऊ दे तसाच."

"दुसऱ्या कुणाची आडकाठी नसती ना, सिस्टर. गोळी न्हाई घेतली तर बाकीच्यांचं काय वाईट हुतंय? उलट बरंच की."

"ती अट बाकीच्यांसाठी नव्हतीच. तुझ्यासाठी होती."

कृष्णात विहिरीत बघत बसला. मग एकदम बोलू लागला. "आवं, दर गावात वरडत्यात. गोळीवाला आला, गोळीवाला. म्होरं गेलो तर गोळी. मागं पडलो तर गोळी संपली. माजं काय हाय मग त्यात? एकदा तरी नुसत्या छातीवर बगायचं हुतं. काल आलोय की म्होरं."

"आलास. आणि संध्याकाळी तुझ्या पाठीला कान लावला तेव्हा आत शिट्टी वाजत होती. आज आष्ट्यापुढं समोरून वारा असतो. तिथं नळ्या मिटल्या तर मी जीपमधून उतरेपर्यंत काय शिल्लक राहील, सांग."

त्यानं डबीची पट्टी बोटाला गुंडाळली.

चंद्राबाई त्याच्या शेजारी बसल्या. एवढं बोलून थांबता आलं असतं, पण त्यांना ते खोटं वाटलं असतं. "हे बघ, मी शहाणी नाही. गोळी तुला बाकीच्यांच्या बरोबरीला आणते, का बरोबरीच्या केसभर पुढं नेते, ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनाही नाही. मी रात्री त्याचा विचार करते आणि कधीकधी मला दिलशादचं पटतं. पण तुझ्या छातीला शिट्टी आहे, ते मला पक्कं माहीत आहे. जे माहीत आहे त्यावरून मी ठरवते. गोळ्या कुठं आहेत?"

कृष्णातनं सायकलच्या हँडलचं रबरी टोपण काढलं आणि नळी तळव्यावर आपटली. कागदाची बारीक पुडी बाहेर पडली.

मागं पाचोळा वाजला. दिलशाद आणि चांदसाहेब उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक.

६

"वा रं गड्या," दिलशाद म्हणाला. "मला चोर करून तू सांगलीला जाणार हुतास?"

"तुजं नाव येईल असं वाटलं न्हाई रं. आईशपत."

"वाटणार कसं? छातीत हवा न्हाई, डोक्यात कुठनं जाईल?"

"गप," चांदसाहेबांनी मुलाला दटावलं. ते कृष्णातच्या समोर उकिडवे बसले. "बाळ, माझ्या पोराचा आज रोजा न्हाई. त्याला कुणी म्हणलं का, तू कमी मुसलमान? सूट कमजोराला हिणवायला नसती. ज्यानं दिली त्याला माणसाची वळख असती म्हणून असती. ती घ्यायची. चोरून न्हाई, लाजून न्हाई. आन् जे देणं राहतं ते नंतर भरायचं."

"माजं काय राहतंय, चाचा?"

"ते तू बग."

कृष्णात पुडी मुठीत धरून उठला आणि सरळ मैदानात गेला. चंद्राबाई मागं निघाल्या. दादासो धावत आडवे आले, "मी सांगतो, मी सांगतो" म्हणत. त्यानं काकांना हातानं बाजूला केलं.

भाऊसोंसमोर त्यानं सगळं सांगितलं. कालची थुंकलेली गोळी, पहाटेचा कोट, हँडलची नळी. गर्दीत कुजबुज झाली. भाऊसोंनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. वकिलीत असलं प्रकरण त्यांच्याकडे आलं नव्हतं.

"नियमानं कालची शर्यत बाद करायला हवी," ते म्हणाले. "गोळी न घेता पळालास. आता गोळी न घेता पुढं आला म्हणून कुणाला बाद करायचं, तर लोक मलाच वेड्यात काढतील."

"बाद करू नका," दिलशाद म्हणाला. "त्याची कालची आघाडी तेवढी काढा. मी त्याच्या मागोमाग आलतो, दोघं आज एका रेघेवरनं निघू. आन् गोळी द्या त्याला. पेला भरून द्या. न्हाईतर मी जिंकलो की म्हणंल, दम लागला हुता."

"तुला चालेल?" भाऊसोंनी कृष्णातला विचारलं.

"तेवढंच देणं हुतं माझं," कृष्णात म्हणाला.

चंद्राबाईंनी गोळी कुटली आणि पाण्यात ढवळली. कृष्णातनं पेला घेतला. कालपर्यंत तो या वेळी मान खाली घालायचा, टोपी डोळ्यांवर ओढायचा. आज तो गर्दीकडे तोंड करून प्याला. तोंड वाकडं केलं. पेला उपडा केला. मग दिलशादच्या शेजारी रेघेवर जाऊन उभा राहिला, आणि भाऊसोंनी झेंडा खाली टाकला.

जीपमध्ये चंद्राबाईंच्या शेजारी दादासो शिट्टी मुठीत धरून बसले होते. ती त्यांनी एकदाही वाजवली नाही. आष्ट्यापुढं वारा अंगावर आला. दोघं आळीपाळीनं पुढं होऊन एकमेकांसाठी वारा अडवत होते आणि मधूनमधून शिव्या देत होते. चंद्राबाईंना शिव्या ऐकून बरं वाटत होतं. शिवी द्यायला श्वास लागतो.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर शिव्या थांबल्या. दोघांच्या माना खाली गेल्या. पूल संपता संपता कृष्णातचं पुढचं चाक निघालं, दिलशादनं ते गाठलं, पुन्हा ते निघालं, आणि सांगलीच्या हद्दीत पांढऱ्या रेघेवरून आधी तेच गेलं.

कृष्णात सायकलवरून उतरला. दिलशादनं त्याच्या काखेत हात घातला, म्हणजे दोघांनी एकमेकांना धरलं. चंद्राबाईंनी गर्दीतून वाट काढली आणि लोकांसमोरच त्याच्या पाठीला कान लावला. श्वास धावत होता, पण वाट मोकळी होती. त्यांनी दादासोंकडे बघून मान हलवली. दादासो तोंड फिरवून पुलाकडे बघत राहिले.

तेवढ्यात कडेच्या पानाच्या ठेल्यावरून एकजण ओरडला, "आला रं, गोळीवाला आला."

दोघं-चौघं हसले. दिलशादनं बाही वर सारली. कृष्णातनं त्याला थोपवलं आणि सायकल त्याच्या हातात दिली. लटपटत ठेल्यापर्यंत गेला. तो माणूस जरा मागं सरकला.

"व्हय," कृष्णात म्हणाला. "घेतली. दमा हाय मला. सकाळी समद्यांसमोर घेतली. तुमी बगाय नव्हता?"

"न्हाई," तो माणूस म्हणाला. "मी आत्ताच आलोय."

"मग फुडल्या वर्षी लवकर या," कृष्णात म्हणाला. "इस्लामपुरात असतंय, सकाळी सकाळी. पेला दावतो तुमाला."